लंडनची पेढी आणि युरोपचा परवाना



शेतमालाच्या अडतीचा धंदा करायचा तर बाजार समितीचा परवाना लागतो, हे तुम्हांला सांगायला नको. पुष्कळ वर्षे आपल्याकडे रीत अशी होती, की लासलगावचा परवाना पिंपळगावला चालत नसे. ज्या बाजारात बसायचे त्या बाजाराचा परवाना वेगळा, अनामत वेगळी, दप्तर तपासणारा वेगळा. आता घटकाभर अशी कल्पना करा, की अठ्ठावीस बाजार समित्या एकत्र बसल्या आणि त्यांनी ठरवले, "आपण सगळ्यांनी नियम एकसारखे करू, मापे एकसारखी ठेवू, मग एका समितीने ज्याला परवाना दिला, त्याने उरलेल्या सत्तावीस ठिकाणी खुशाल व्यापार करावा." असे झाले म्हणजे सर्वांत मोठ्या आणि जुन्या बाजाराचे फावते. तिथे गिऱ्हाईक पुष्कळ, माहितगार दलाल हाताशी, हिशेब रोखठोक. तेव्हा चहूकडचा माल तिथेच ओढला जातो. आणि मग एके दिवशी त्याच मोठ्या बाजाराने ठराव केला, की आम्हांला ही जूट नको, आमचे नियम आमचे आम्ही करू! त्याच्या अडत्यांचे पुढे काय व्हायचे?

लंडन शहराची गोष्ट नेमकी अशी आहे. ब्रेक्झिट हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचला असेल. ब्रिटन आणि बाहेर पडणे ह्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द सांधून तो बनवलेला आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश जनतेने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश संघाबाहेर पडला. त्यासाठी ज्या वाटाघाटी झाल्या त्यांत मासळी, आयर्लंडची सरहद्द, परदेशी कामगार ह्यांची चर्चा फार गाजली. बँका, विमा, शेअर, रोखे, परदेशी चलन अशा पैशाच्या धंद्याचे काय झाले, हे त्या मानाने कमी बोलले गेले. आज मला त्याविषयीच सांगायचे आहे. शिक्षक मित्रांनी जवळ युरोपचा नकाशा ठेवावा. लंडन, पॅरिस, फ्रँकफुर्ट, ॲम्स्टरडॅम, डब्लिन, लक्झेंबर्ग आणि ब्रुसेल्स एवढ्या सात ठिकाणी खुणा केल्या म्हणजे गोष्ट समजायला सोपी जाईल.

प्रथम, लंडनला हे महत्त्व आले कसे? साम्राज्य होते म्हणून, असे आपण चटकन म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण साम्राज्य मावळल्यावर हा बाजार उतरायला हवा होता. तो उलट चढला. ह्याचे एक कारण मोठे मौजेचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे डॉलर जगभर पसरले, परंतु खुद्द अमेरिकेत ठेवींच्या व्याजावर सरकारी मर्यादा होती. मग ते डॉलर लंडनच्या बँकांत येऊन बसू लागले, कारण तिथे परक्या चलनाच्या ठेवींवर तसे बंधन नव्हते. १९६३ साली इटलीतील हमरस्ते बांधणाऱ्या ऑटोस्ट्राडे कंपनीच्या नावाने दीड कोटी डॉलरचे रोखे काढण्यात आले. रस्ते इटलीत, पैसा अमेरिकेच्या चलनातला, आणि जुळवाजुळव करणारे लंडनचे पेढीवाले सिग्मंड वॉर्बर्ग, जे स्वतः हिटलरच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडात आलेले! त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी रोख्यांवर कर बसवण्याचे जाहीर केले आणि असला पुष्कळसा धंदा लंडनकडे वळला. एका गावात नियम जाचू लागले की व्यापार शेजारच्या गावी जातो. त्याचा लाभ तेव्हा लंडनला झाला. एवढे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समूहात दाखल झाले. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनच्या शेअरबाजाराने दलालीचे ठरीव दर मोडीत काढले, परदेशी पेढ्यांना दरवाजे उघडले, आणि अमेरिकन, जपानी, जर्मन, स्विस अशा बड्या बँका तिथे येऊन बसल्या. ह्याच सुमारास सगळ्या युरोपची मिळून एक बाजारपेठ करण्याचे काम चालू होते. गंमत अशी की तिचा १९८५ सालचा आराखडा ज्यांच्या हातचा, ते आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड हे इंग्रज गृहस्थच होते, आणि त्यांना ब्रुसेल्सला पाठवले होते मार्गारेट थॅचर ह्यांनी. १ जानेवारी १९९३ पासून ही बाजारपेठ सुरू झाली, आणि तिच्याबरोबर बँकांसाठी तो परवाना आला ज्याला त्या धंद्यात 'पासपोर्ट' म्हणतात. माणसाचा नव्हे, पेढीचा. न्यूयॉर्कच्या बँकेने लंडनमध्ये एक कंपनी काढावी, ब्रिटिश नियंत्रकाकडून एकदा परवाना घ्यावा. मग तीच कंपनी मिलानच्या कारखानदाराला कर्ज देऊ शके आणि माद्रिदच्या व्यापाऱ्याचे रोखे विकू शके. इटलीत वेगळे भांडवल अडकवायला नको, स्पेनमध्ये वेगळा तपासनीस नको. संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलंड आणि चिमुकले लिख्टेनश्टाइन हेही ह्या व्यवस्थेत होते.

ऑगस्ट २०१६ मध्ये ब्रिटनच्या वित्तव्यवहार नियंत्रण संस्थेचे प्रमुख अँड्र्यू बेली ह्यांनी पार्लमेंटच्या समितीला आकडे कळवले. ब्रिटनमधून युरोपात ह्या परवान्यावर धंदा करणाऱ्या पेढ्या ५,४७६ होत्या आणि युरोपातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या ८,००८. म्हणजे वाट दुतर्फा वाहत होती.

१९९९ साली युरो हे नवे चलन आले. ब्रिटनने आपला पौंड सोडला नाही, तरी युरोचा सर्वांत मोठा बाजार भरला तो लंडनमध्येच. फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेला हे रुचणारे नव्हते. २०११ साली तिने असे धोरण मांडले, की युरोतील मोठ्या सौद्यांची चुकती करणाऱ्या संस्था युरो वापरणाऱ्या देशांतच असाव्यात. ब्रिटनने युरोपच्या न्यायालयात दावा लावला आणि ४ मार्च २०१५ रोजी तो जिंकला. न्यायालय म्हणाले, बँकेला असा हुकूम काढण्याचा अधिकारच नाही. हा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. संघात असताना लंडनला कोणी ढकलू लागले तर दाद मागायला जागा होती, आणि दाद मिळतही होती. वर्षभरातच, फेब्रुवारी २०१६ मध्ये, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून ह्यांनी युरोपकडून आणखी एक हमी मिळवली, की युरो न वापरणाऱ्या देशांच्या पेढ्यांना सापत्नभावाने वागवले जाणार नाही. अट एवढीच होती की ब्रिटनने संघात राहावे. चार महिन्यांनी लोकांनी उलट कौल दिला आणि ती हमी कागदावरच विरली.

मतमोजणीत सोडा म्हणणारे ५१.९ टक्के निघाले, राहा म्हणणारे ४८.१. लंडनच्या ज्या जुन्या चौरस मैलाला 'सिटी' म्हणतात, तिथल्या रहिवाशांनी शंभरात पंचाहत्तर मते राहण्याच्या बाजूने दिली होती. अर्थात पैशाच्या धंद्यातली माणसे सगळी एका मताची होती असे समजू नका. मोठ्या बँकांना राहायचे होते. पण खाजगी गुंतवणूक-निधी चालवणाऱ्या काही धनिकांना ब्रुसेल्सचे नियम काचत होते आणि त्यांनी सोडण्याच्या मोहिमेला पैसाही पुरवला. त्या मोहिमेचे बिनीचे पुढारी नायजेल फराज हे स्वतः एके काळी लंडनच्या धातूबाजारात दलाली करीत होते. उलट, संघाच्या वित्तसेवा खात्याचे आयुक्त त्या वेळी लॉर्ड हिल हे इंग्रज होते. मतदानानंतर दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा जाहीर केला. युरोपच्या बँकांचे नियम ज्या खोलीत लिहिले जात, तिथून ब्रिटन असे अठ्ठेचाळीस तासांत उठले; कायद्याने उठायला अजून साडेतीन वर्षे होती.

आता वाटाघाटींकडे वळू. पेढीवाल्यांची मागणी सरळ होती: काही करा, पण तो परवाना राखा. तो राखता का आला नाही? युरोपीय संघाचा दंडक असा, की माल, सेवा, भांडवल आणि माणसे ह्या चारही गोष्टींची ये-जा एकत्रच मोकळी राहील. त्यांतल्या तीन घेतो आणि चौथी नको, असे चालणार नाही. ब्रिटिश मतदाराला नको होती ती नेमकी चौथी, म्हणजे माणसांची मोकळी ये-जा. शिवाय युरोपच्या न्यायालयाचा शेवटचा शब्दही त्याला नको होता. तेव्हा नव्या पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनी १७ जानेवारी २०१७ रोजी लँकेस्टर हाउसमधील भाषणात सांगून टाकले, की ब्रिटन सामाईक बाजारपेठेतूनही बाहेर पडेल. परवाना जायचा ठरला तो त्या दिवशी. पुढची मसलत चालली ती त्याच्या बदली काय मिळेल, एवढ्यापुरतीच होती. आणि औपचारिक बोलणी तर त्यानंतर पाच महिन्यांनी, १९ जून २०१७ रोजी सुरू झाली. घासाघीस सुरू होण्याआधीच हातातले मोठे नाणे खाली ठेवले गेले, असे माझे मत आहे. ह्याला आणखी एक कारण होते, ते उघड कोणी बोलत नसे. २००८ साली बुडत्या बँका सावरायला ब्रिटिश करदात्याचा पैसा ओतावा लागला होता. त्या बँकांसाठी आपण झगडतो आहोत, असे मतदारसंघात जाऊन सांगणे कोणत्या मंत्र्याला परवडणार?

समोर युरोपतर्फे बसले होते फ्रान्सचे मिशेल बार्निए. हे गृहस्थ २०१० ते २०१४ ह्या काळात सामाईक बाजारपेठेचे आयुक्त होते, आणि २००८ च्या धक्क्यानंतर बँकांना जे नवे नियम लागू झाले, त्यांतले पुष्कळसे त्यांच्या देखरेखीखाली झाले. त्याआधी ते आपल्या देशाचे शेती आणि मत्स्यव्यवसाय खात्याचे मंत्री होते. पैसा आणि मासळी ह्या दोहोंची खाचखोच जाणणारा माणूस मेजाच्या पलीकडे होता. डिसेंबर २०१७ मध्येच त्यांनी बजावले, की लंडनच्या पेढ्यांसाठी वेगळा सौदा मिळणार नाही.

ब्रिटनचे अर्थमंत्री फिलिप हॅमंड ह्यांनी मार्च २०१८ मध्ये तोड सुचवली ती अशी. आमचे नियम आम्ही करू, तुमचे तुम्ही करा. दोघांचा परिणाम सारखाच आहे असे एकमेकांनी मानू, आणि मतभेद झाला तर त्रयस्थ पंच नेमू. ऐकायला रास्त वाटते. परंतु युरोपच्या बाजूने पाहा. गाव सोडून गेलेल्या भाऊबंदाने म्हणावे, गावकीचे नियम मला बंधनकारक नाहीत, पण गावच्या विहिरीवर माझा हक्क पूर्वीसारखाच राहील! युरोपने नकार दिला, आणि जुलै २०१८ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटनने ही मागणी स्वतःच सोडली. उरली ती एकच वाट, जिला 'तुल्यता' म्हणता येईल.

तुल्यता म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. सगळ्या गोष्टीची गोम इथे आहे. युरोपीय आयोग एखाद्या परदेशाचे अमुक एका विषयातले नियम तपासतो आणि ते आमच्या तोडीचे आहेत असे जाहीर करतो. मग त्या विषयापुरती त्या देशाच्या पेढ्यांना वाट मिळते. ठेवी घेणे, कर्ज देणे ह्या साध्या बँकिंगला ही सोयच नाही. आणि मुख्य म्हणजे, हा निर्णय एकतर्फी असतो. दिला तर दिला, काढला तर काढला. काढून घेतात हे नुसते भय नाही, हे वाटाघाटी चालू असतानाच दिसले. स्वित्झर्लंडच्या शेअरबाजाराला युरोपने अशीच मुदतीची तुल्यता दिली होती. दोघांचे एका मोठ्या राजकीय करारावरून फिस्कटले. त्या कराराचा शेअरबाजाराच्या नियमांशी काही संबंध नव्हता. तरी ३० जून २०१९ ला मुदत संपली आणि युरोपने ती वाढवली नाही. लंडनच्या पेढीवाल्यांनी हे डोळ्यांनी पाहिले. पासपोर्ट हक्काचा होता, तुल्यता मर्जीची होती.

म्हणून पेढ्या थांबल्या नाहीत. मंत्री बोलत होते तोवर बँकांनी डब्लिनला, फ्रँकफुर्टला, पॅरिसला जागा भाड्याने घेतल्या, परवान्यांचे अर्ज केले. काहींना वाटत होते, लक्झेंबर्गला एक खोली घ्यावी, दारावर पाटी लावावी, दोन कारकून बसवावेत आणि खरे काम लंडनहूनच चालवावे. फ्रँकफुर्टच्या मध्यवर्ती बँकेने ही युक्ती ओळखली व सांगितले, की रिकामे टरफल आम्हांला चालणार नाही. धोका पत्करणारी माणसे आणि भांडवल इथेच हवे. कॉफीच्या दुकानात सतराव्या शतकात सुरू झालेला लॉइड्स हा लंडनचा जुना विमाबाजार. त्यानेही ब्रुसेल्सला कंपनी काढली आणि आपल्या युरोपीय गिऱ्हाइकांचे विमे तिच्या नावावर केले. ह्या बदलीची तारीख होती ३० डिसेंबर २०२०. जुना परवाना संपायला एक दिवस उरला होता.

मध्येच एक प्रसंग सांगतो. युरोपच्या बँकांवर देखरेख ठेवणारी एक संस्था लंडनमध्येच होती. संघ सोडणाऱ्या देशात ती राहणार कशी? २० नोव्हेंबर २०१७ रोजी उरलेल्या सत्तावीस देशांनी तिच्या नव्या जागेसाठी मतदान केले. शेवटच्या फेरीत पॅरिस आणि डब्लिन ह्यांची मते समसमान पडली. मग काय केले असेल? चिठ्ठ्या टाकल्या! पॅरिसची चिठ्ठी निघाली.

इकडे ब्रिटनमध्ये मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. संघ सोडल्यावर वर्षअखेरपर्यंत जुनीच व्यवस्था चालू ठेवायची आणि तेवढ्यात व्यापाराचा करार करायचा असे ठरले होते. तो करार २४ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी जमला. बाराशेहून अधिक पानांचा तो दस्तऐवज आहे. शेवटच्या रात्री जागल्या त्या मासळीसाठी. कोणत्या समुद्रात कोणी किती मासे धरायचे, ह्याची जातवार कोष्टके त्यात आहेत, आणि युरोपच्या नौकांच्या वाट्यातील चौथा हिस्सा साडेपाच वर्षांत ब्रिटनकडे यावा असे ठरले आहे. ब्रिटनच्या एकूण उत्पन्नात मासेमारीचा वाटा हजारात एक रुपयासुद्धा नाही. पैशाच्या धंद्याचा वाटा शंभरात सुमारे सात रुपये, आणि त्यावर दहा लाखांहून अधिक माणसे काम करतात. त्या धंद्याला करारात मिळाली ती थोडी ढोबळ कलमे आणि, "पुढे सहकार्याचा एक मसुदा करू" अशी एक घोषणा. कोळ्यांचा मी अनादर करीत नाही. आपल्या रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरचा माणूस सांगेल, की समुद्रावरचा हक्क निव्वळ रुपयांत मोजता येत नाही. परंतु मासळी ज्या पाण्यात होती ते पाणी ब्रिटनचे होते, म्हणून तिच्याबद्दल अडून बसता आले. पेढ्यांचे गिऱ्हाईक युरोपात होते आणि त्यांच्या दाराची किल्ली युरोपच्या हाती होती. मला वाटते, सगळ्या वाटाघाटींचा उलगडा ह्या एका गोष्टीत होतो.

ब्रिटनने ९ नोव्हेंबर २०२० रोजीच आपल्या बाजूने युरोपला अनेक विषयांत तुल्यता देऊन टाकली होती. आपण मोकळेपणा दाखवला तर तेही दाखवतील, ही आशा. युरोपने वर्षअखेरीस दोनच विषयांत दिली, तीही मुदतीची, आणि दोन्ही ठिकाणी युरोपलाच अडचण होऊ नये म्हणून.

४ जानेवारी २०२१ हा नव्या व्यवस्थेतला बाजाराचा पहिला दिवस. त्या एका दिवसात युरोपीय कंपन्यांच्या शेअरांचा सुमारे ६०० कोटी युरोंचा रोजचा उलाढाल-व्यवहार लंडन सोडून युरोपात गेला. आरडाओरड नाही, दुकाने फुटली नाहीत. संगणकांनी सौदे दुसऱ्या गावाला पाठवले इतकेच. त्या जानेवारीत ॲम्स्टरडॅमची सरासरी रोज ९२० कोटी युरोंवर गेली आणि लंडनची ८६० कोटींवर आली. ज्या शहरात डच ईस्ट इंडिया कंपनीचे भाग विकून शेअरबाजाराची सुरुवात झाली, ते शहर इतक्या वर्षांनी काही महिने पुन्हा पुढे गेले. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या नियमांनी लंडनला जे दिले होते, तसेच काहीसे ॲम्स्टरडॅमला लंडनच्या ठरावाने दिले.

मग लंडन बुडाले का? नाही. २०१६ साली एका सल्लागार संस्थेने अंदाज केला होता, की संबंध फारच तुटले तर ७५,००० पर्यंत नोकऱ्या जातील. प्रत्यक्षात मार्च २०२२ पर्यंत मोठ्या पेढ्यांनी हलवलेल्या नोकऱ्या मोजल्या, तर त्या ७,००० च्या थोड्या वर भरल्या. भाकीत सांगणाऱ्यांची फजिती झाली खरी. पण नुसती माणसे मोजू नका, पैसाही मोजा. एप्रिल २०२१ च्या एका पाहणीत ४४० हून अधिक पेढ्यांनी कामाचा काही ना काही भाग बाहेर नेलेला आढळला, आणि बँकांनी ९०,००० कोटी पौंडांहून अधिक मालमत्ता हलवलेली. डब्लिनला सर्वांत जास्त पेढ्या गेल्या, मग पॅरिस, मग लक्झेंबर्ग. एकाच गावी सगळे गेले नाही, म्हणून दुसरे लंडन कुठे उभे राहिले नाही.

लंडन तरले ह्याचे कारण असे, की त्याचा सगळा धंदा युरोपशी नव्हता. २०१६ च्या अंदाजाप्रमाणे युरोपशी बांधलेली मिळकत साधारण पाव हिस्सा होती. उरलेले गिऱ्हाईक स्वदेशी तरी होते, नाही तर न्यूयॉर्क, टोकियो, मुंबईचे. मतदानानंतरच्या महिन्यातच, जुलै २०१६ मध्ये, आपल्या मुंबईच्या एचडीएफसीने परदेशात ३,००० कोटी रुपयांचे रोखे विकले, तेही रुपयाच्या हिशेबाने, आणि त्यांची नोंद लंडनच्या शेअरबाजारात झाली. ह्या रोख्यांना तिकडे 'मसाला बाँड' म्हणतात! त्यांना ब्रुसेल्सच्या परवान्याशी कर्तव्य नव्हते.

मोठ्या पेढ्यांनी वकील नेमले आणि वाट काढली. लहान माणसाला ते जमत नाही. निवृत्त होऊन युरोपात राहायला गेलेले पुष्कळ इंग्रज होते. त्यांचे पेन्शन ब्रिटनमधल्या खात्यात जमा होई. २०२० साली काही ब्रिटिश बँकांनी ठरावीक देशांतल्या अशा गिऱ्हाइकांना पत्रे धाडली, की तुमचे खाते बंद होत आहे. एका परवान्यावर सगळीकडे सेवा देणे परवडत होते. प्रत्येक देशाचा वेगळा कायदा पाळून चारदोन हजार खाती ठेवणे परवडेना. दुसरी गोष्ट कार्डांची. कार्डाने पैसे दिले की दुकानदाराच्या बाजूने गिऱ्हाइकाच्या बँकेला थोडी फी जाते. युरोपच्या कायद्याने तिच्यावर मर्यादा होती: साध्या डेबिट कार्डावर शंभराला वीस पैसे, क्रेडिट कार्डावर तीस. ब्रिटन आणि युरोप ह्यांच्यामधल्या घरबसल्या खरेदीला ही मर्यादा लागू राहिली नाही, आणि २०२१ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड ह्यांनी फी वाढवून अनुक्रमे एक रुपया पंधरा पैसे आणि दीड रुपया केली. पाचपट वाढ! ब्रिटनच्या नियंत्रकाने नंतर चौकशी केली, तेव्हा ह्या वाढीला सबळ कारण आढळले नाही.

शेवटी एका कामाविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याचा निकाल अजून लागलेला नाही. मोठे सौदे होतात तेव्हा घेणारा आणि देणारा ह्यांच्यामध्ये एक संस्था उभी असते. ती दोघांकडून अनामत घेते. एकाचे दिवाळे निघाले तर दुसऱ्याचा सौदा ती पुरा करते. लंडनमध्ये अशी संस्था १८८८ साली निघाली ती कॉफी आणि साखरेच्या वायद्यांसाठी. तिचीच पुढची पिढी म्हणजे एलसीएच. २००८ साली लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन पेढी कोसळली तेव्हा व्याजदरांच्या वायद्यांतले तिचे ९ लाख कोटी डॉलरचे सौदे एलसीएचच्या माथी आले. ते तिने काही आठवड्यांत निस्तरले, आणि लेहमनने ठेवलेल्या अनामतीतच भागले. युरो चलनातील असल्या वायद्यांची बहुतेक चुकती आजही ह्या एका लंडनच्या घरात होते. युरोपला हे सलते. आपल्या चलनाचा गाडा परक्याच्या अंगणात का असावा? पण एकदम तोडले तर आपल्याच बँकांचा खर्च वाढतो. म्हणून युरोप मुदत देतो आणि ती वाढवतो. पहिली मुदत जून २०२२ ची, मग जून २०२५ ची. जानेवारी २०२५ मध्ये ती ३० जून २०२८ पर्यंत नेली. त्याबरोबर असाही नियम केला, की मोठ्या युरोपीय पेढ्यांनी युरोपातल्या संस्थेत चालते खाते ठेवावे आणि काही सौदे तिथून फिरवावेत. जून २०२५ पासून तो अमलात आला.

हा प्रश्न आपल्या दारीही येऊन गेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या रोखेबाजार प्राधिकरणाने भारतातल्या अशा सहा संस्थांची मान्यता काढून घेण्याचे जाहीर केले. त्यांत मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया होती, जी आपल्या सरकारी रोख्यांच्या सौद्यांची चुकती करते. मुद्दा तोच: आपल्या देशातल्या संस्थेवर परकीय तपासनिसाला किती हात घालू द्यायचा? लंडनशी मात्र आपल्या रिझर्व्ह बँकेचा ह्याविषयी डिसेंबर २०२३ मध्ये समझोता झाला. ब्रुसेल्सच्या पंक्तीतून उठलेल्या ब्रिटनला असा स्वतंत्र समझोता करता आला, हेही खरे, आणि ते सांगितलेच पाहिजे.

२०२० च्या घोषणेत कबूल केलेला सहकार्याचा मसुदा दोन वर्षे धूळ खात पडला होता, कारण उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीचे भांडण मिटत नव्हते. ते मिटल्यावर २७ जून २०२३ रोजी त्यावर सह्या झाल्या. त्याने परवाना मिळत नाही. वर्षातून दोनदा अधिकारी बसून बोलतात. १९ मे २०२५ रोजी लंडनला दोन्ही बाजूंची मोठी बैठक झाली, तीत पैशाच्या धंद्याला फारशी जागा नव्हती, मासळीला होती. ब्रिटिश पाण्यात युरोपच्या नौकांना १२ वर्षांची आणखी मुभा मिळाली. आता चुकतीच्या संस्थांची मुदत ३० जून २०२८ ला संपते, आणि मासळीची ३० जून २०३८ ला.